दुसरा ‘गॉडफादर’ पहिल्यापेक्षा सरस का म्हणतात? संकलनाच्या टेबलावरून एक उत्तर

दाभोळ खाडीच्या बाजूला राहणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “काका, खाडीतल्या वाळूच्या टोळ्यांवर मी छोटी फिल्म केली ती तुम्ही पाहिली आहे. लोकांना आवडली, आता जो भेटतो तो दुसरा भाग कधी म्हणून विचारतो. तयारी म्हणून ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग लागोपाठ पाहिले. पहिला एका बैठकीत संपला. दुसऱ्यात बाप कुठे, मुलगा कुठे, कोणी कोणाला फसवलं, काही कळेना. मध्येच मोबाइल हातात घेतला. तरी सगळे दुसराच भारी म्हणतात. खरं काय? आणि माझ्या दुसऱ्या भागासाठी त्यातून काय उचलू?”

मोबाइल हातात घेतलास याची लाज वाटून घेऊ नकोस. तो चित्रपट पहिल्यांदा पाहणारे बरेच जण कुठे ना कुठे हरवतात, आणि त्यात दोष पाहणाऱ्याचाच असतो असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला जास्त बांधीव आहे. त्यातला एक प्रसंग काढला तर पुढचा डळमळतो. दुसरा ठिकठिकाणी सैल आहे, गुन्ह्याचा धागा तर त्यात सरळसरळ गुंतलेला आहे. पण दुसरा पाहिल्यावर पहिल्याचा अर्थ बदलतो, आणि हे काम फार थोड्या दुसऱ्या भागांना जमलेलं आहे. मी आयुष्यभर कापाकापी केली, आधी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्मची रिळं जोडायच्या यंत्रावर, मग संगणकावर, त्यामुळे हे मी जोडकामाच्या बाजूने सांगणार. अभिनयावर लिहिणारे भरपूर आहेत.

थोडी पार्श्वभूमी लागेल. न्यूयॉर्कच्या एका माफिया घराण्यावरची मारिओ पुझोची कादंबरी १९६९ची. पहिला चित्रपट मार्च १९७२मध्ये आला, लांबी १७५ मिनिटं. तो एवढा चालला की स्टुडिओला दुसरा हवाच होता, पण दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला राजी नव्हता. पहिल्याच्या वेळी स्टुडिओने त्याला इतका छळला होता की त्याने आपल्याऐवजी मार्टिन स्कोर्सेसीचं नाव सुचवलं. ते कोणी मानलं नाही. शेवटी मोकळीक मिळाल्यावर तो तयार झाला आणि डिसेंबर १९७४मध्ये दुसरा आला, तीन तास वीस मिनिटांच्या आसपास. नावात नुसता ‘भाग दुसरा’ लिहायचा हट्टही त्याचाच. स्टुडिओला भीती वाटत होती की लोक म्हणतील, अर्धा चित्रपट आधीच बघितलाय, उरलेल्याला तिकीट कशाला. पहिल्याला तीन ऑस्कर मिळाले होते, दुसऱ्याला सहा मिळाले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळवणारा तो पहिला दुसरा भाग ठरला. गल्ला मात्र पहिल्याच्या जवळपासही नाही. म्हणजे तुझ्यासारखे प्रेक्षक तेव्हाही होते.

आता मुद्द्यावर येऊ. दुसऱ्या भागात दोन गोष्टी आहेत. एक पुढची: १९५८पासून मायकेल कॉर्लिओनेचं काय झालं. दुसरी मागची: त्याचा बाप व्हिटो सिसिलीतून पोर वयात एकटा अमेरिकेला कसा आला आणि डॉन कसा झाला. मागची गोष्ट पुझोच्या कादंबरीतच होती, पहिल्या चित्रपटात तिला जागा मिळाली नव्हती. पुढची नव्याने लिहिली. दोन वेगळे चित्रपट काढले असते तरी चाललं असतं. कपोलाने ते एकात एक विणले, आणि तुझी गंमत गेली ती याच विणीमुळे.

ही वीण कशी काम करते ते एका जोडावर दाखवतो. क्यूबाहून मायकेल परततो. तिथे नववर्षाच्या रात्री त्याला कळलंय की आपल्याला दगा देणारा आपला सख्खा भाऊ फ्रेडो आहे. त्याने फ्रेडोचं तोंड दोन्ही हातांत धरून मुका घेतलाय आणि सांगितलंय की मला माहीत आहे, तूच तो. आता घरचा वकील टॉम त्याला सांगतो, तुझ्या बायकोचा, केचा, गर्भ पडला. मायकेल काय विचारतो? ती कशी आहे, असं नाही. मुलगा होता का, असं विचारतो. टॉम घुटमळतो, तर हा ओरडतो. आणि इथून पडदा जातो न्यूयॉर्कच्या जुन्या खोलीत. एक तान्हं मूल न्यूमोनियाने तापलंय, घरची माणसं त्याला शेक देतायत, ते टाहो फोडतंय आणि तरुण व्हिटो दाराशी उभा राहून बघतोय, काही करता येत नाही म्हणून कासावीस. ते मूल फ्रेडो आहे.

संवादात कुठे काही सांगितलेलं नाही. ‘बघा, बाप कसा होता आणि मुलगा कसा’ असं कोणी म्हणत नाही. मुलगा होता का हा प्रश्न आणि तान्ह्या फ्रेडोचं रडणं एकमेकांना चिकटवलंय, बस. पुढे जे होणार आहे ते माहीत नसलं तरी तुझ्या पोटात काहीतरी हलतं. दुसऱ्यांदा पाहशील तेव्हा हा जोड बघवणार नाही.

असेच आणखी. व्हिटो पहिला खून करतो, गल्लीतला खंडणीवाला फनुची. बाहेर देवाची मिरवणूक, बँड, फटाके. पिस्तुलावर टॉवेल गुंडाळलाय, गोळी सुटताच टॉवेल पेट घेतो आणि हा तो झटकून विझवतो. मग गच्चीवर जाऊन पिस्तुलाचे तुकडे करतो आणि वेगवेगळ्या धुराड्यांत टाकतो. खाली येऊन बायकापोरांत पायरीवर बसतो, तान्ह्या मायकेलला मांडीवर घेतो आणि म्हणतो, तुझ्या बापाचा तुझ्यावर फार जीव आहे. या चित्रानंतर येतो मोठ्या मायकेलचा बंगला, बर्फात. मुलाची खेळण्यातली गाडी बर्फात रुतून पडलेली. आत बायको शिवणयंत्रावर, तो तिच्याकडे बघतो आणि न बोलता निघून जातो. खून करून आलेला बाप पोराला मांडीवर घेतो. घर वाचवायला म्हणून फिरणारा मुलगा घरात शिरतो तर कोणाशी दोन शब्द बोलत नाही. आणि लक्षात घे, व्हिटोही काही साधुपुरुष नाही. पुढे सिसिलीत जाऊन तो आपल्या आईबापाला मारणाऱ्या, आता म्हाताऱ्या झालेल्या डॉन चिच्चोचं पोट सुरीने फाडतो. कपोला बापाला चांगला आणि मुलाला वाईट ठरवत नाही. दोघांची रीत एकच आहे, आणि एकाच्या हातात तिने घर बांधलं नि दुसऱ्याच्या हातात तिनेच ते रिकामं केलं.

हे जोड पहिल्या झटक्यात बसलेले नाहीत, हे तुला कळलं तर धीर येईल. प्रदर्शनाआधी सॅन फ्रान्सिस्कोत खेळ झाला तेव्हा प्रेक्षक वैतागले होते. तक्रार तुझीच: गोष्ट सारखी मागेपुढे जाते, एका माणसात जीव गुंततोय तोवर दुसरीकडे नेतात. त्यानंतर कपोला आणि संकलकांनी, म्हणजे पीटर झिनर, बॅरी माल्किन आणि रिचर्ड मार्क्स यांनी, काळाच्या उड्या कमी केल्या आणि प्रत्येक काळात जास्त वेळ थांबायला सुरुवात केली. नवीन काही चित्रित केलं म्हणून चित्रपट सुधारला असं नव्हे, तुकडे लांब झाले म्हणून सुधारला. हे वाक्य तुझ्या उपयोगाचं आहे, पुढे त्यावर येतो.

उलट पुरावाही आहे. १९७७मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी दोन्ही चित्रपट एकत्र करून काळाच्या क्रमाने लावले: आधी व्हिटोचं बालपण, मग पहिला चित्रपट, मग टाहो तलावाकाठच्या मायकेलची गोष्ट. वर न वापरलेले बरेच प्रसंगही घातले. कळायला एकदम सोपं. पण न्यूमोनियाने तापलेला फ्रेडो त्यात सुरुवातीलाच येऊन जातो, तेव्हा फ्रेडो कोण याचा पत्ता नसतो. एका मुलाला ताप येतो आणि तो बरा होतो, एवढाच तो प्रसंग उरतो. तेच चित्रीकरण, तेच नट, तेच संगीत, आणि जीव गेलेला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, प्रसंग चांगला की वाईट हे त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर ठरतं.

आता पहिला आणि दुसरा समोरासमोर ठेव. पहिला मायकेलच्या बहिणीच्या, कोनीच्या लग्नाने सुरू होतो, १९४५. बाहेर उन्हात नाचगाणी, आत अंधाऱ्या खोलीत डॉनकडे गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं. दुसरा, व्हिटोच्या बालपणानंतर, टाहो तलावाकाठच्या मेजवानीने सुरू होतो, मायकेलच्या मुलाचा धर्मविधी झालाय म्हणून. बाहेर नाचगाणी, आत खोलीत गाऱ्हाणी. मुद्दामच तीच मांडणी. पण पहिल्यात खोलीत येणारा हात जोडून येतो. दुसऱ्यात आत येणारा सिनेटर गीरी तोंडावर शिवी घालतो आणि जुगारघराच्या परवान्यासाठी अडीच लाख डॉलर मागतो. बाहेर व्यासपीठावर याच माणसाने या घराची स्तुती केलेली असते, आणि आडनावाचा उच्चारही धड केलेला नसतो.

त्याच मेजवानीत माझा आवडता एक छोटा तुकडा आहे. पेंटांजेली नावाचा जुन्या काळचा माणूस न्यूयॉर्कहून आलाय. बँडवाल्यांत एकही इटालियन नाही हे बघून तो वर चढतो, त्यांना तारांतेला हे इटालियन लोकनृत्याचं संगीत वाजवायला सांगतो, हातवारे करून ताल दाखवतो. बँडवाले प्रयत्न करतात आणि त्यातून निघतं काय, तर ‘पॉप गोज द वीझल’ हे पोरांचं गाणं. लोक हसतात. पहिल्या चित्रपटातल्या लग्नात म्हातारी माणसं उठून गात होती, अख्खं अंगण त्यात होतं. तेरा वर्षांत पैसा वाढला आणि गाणं गेलं. हे सांगायला एक संवाद लागलेला नाही, अर्ध्या मिनिटाचा विनोद पुरला.

दारांचंही तेच. पहिल्याचा शेवट सगळ्यांना पाठ असतो: के बाहेरच्या खोलीत, आत मायकेलच्या हाताचा मुका घेणारे लोक, आणि एक माणूस दार लावून घेतो. मायकेल स्वतः लावत नाही. दुसऱ्यात के चोरून मुलांना भेटायला आलेली असते. निघताना ती दारात रेंगाळते, मुलाने मुका द्यावा म्हणून थांबते, तेवढ्यात मायकेल येतो आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर दार लावतो. पहिल्यात ते काम हाताखालच्या माणसाचं होतं. असा एकेक जुना धागा उचलून त्याला पीळ दिलाय, आणि म्हणून मी म्हटलं की दुसरा पहिल्याचा अर्थ बदलतो. पहिला संपतो तेव्हा आपण मनातल्या मनात मायकेलच्या बाजूचे असतो. बाप्तिस्म्याच्या प्रसंगात तो देवासमोर सैतानाला नाकारत असताना त्याची माणसं ठिकठिकाणी मुडदे पाडत असतात, तरी आपल्याला कुठेतरी बरं वाटतं, सूड पुरा झाला म्हणून. दुसरा त्या बरं वाटण्याचा हिशोब मागतो.

फ्रेडोचं प्रकरण समजायला आपल्याकडच्या लोकांना अजिबात वेळ लागत नाही. सगळ्यात थोरला भाऊ सनी मेल्यावर मोठा फ्रेडो, पण गादी धाकट्या मायकेलला दिली. शिमग्यात पालखीपुढे नारळ द्यायचा मान थोरल्याच्या घराचा असताना गावाने तो धाकट्याच्या हातात दिला, तर ते घर पुढची किती वर्षं त्या देवळाची पायरी चढत नाही हे तुला मी सांगायला नको. फ्रेडो खुर्चीत जवळजवळ आडवा पडून ओरडतो, मी थोरला होतो, मला ओलांडून गेले. त्या भूमिकेत जॉन कझाल आहे. हातपाय कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही, खुर्ची त्याला गिळते, मायकेल मात्र ताठ उभा आणि खिडकीबाहेर बर्फ. या प्रसंगात कॅमेरा फारसं काही करत नाही, कापही मोजके. संकलकाने कुठे हात आवरायचा हे इथे शिकावं.

रत्नागिरीत आम्ही काही मंडळी अधूनमधून चित्रपट दाखवतो. दुसरा भाग दाखवला तेव्हा मागच्या रांगेत मिरकरवाड्याचे एक जुने तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, बसले होते. तलावात मायकेलचा मारेकरी नीरी आणि फ्रेडो होडीतून गरवायला, गळाने मासे धरायला निघतात तिथे ते शेजाऱ्याला म्हणाले, “गेला हा. गरवणारा माणूस मागे बघत नाही.” गोळीचा आवाज यायला अजून वेळ होता. फ्रेडो गरी टाकून प्रार्थना म्हणतोय, कारण लहानपणी त्याला वाटायचं की ती म्हटली की मासा लागतो. कपोलाने हे लांबून दाखवलंय, होडी, पाणी आणि दोन काळ्या आकृत्या. खिडकीत मायकेल. ज्याला खून बघायचाय त्याला काहीच दिसत नाही, आवाज तेवढा येतो. तुझ्या फिल्ममध्ये तू मारामारीत कॅमेरा इतका आत घुसवला आहेस की कोणाचा हात कोणाला लागला ते कळत नाही. एकदा लांब जाऊन बघ.

आता दोष, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि नवखी पोरं स्वतःलाच मठ्ठ समजतात. हायमन रॉथ, म्हणजे मायकेलचा धंद्यातला भागीदार आणि छुपा वैरी, त्याची कारस्थानं नीट उलगडत नाहीत. मायकेलच्या बेडरूमवर गोळ्या झाडणारे आत शिरले कसे, पडदे उघडे कोणी ठेवले, त्यांना नंतर मारलं कोणी, फ्रेडोने रॉथच्या माणसाला नेमकं सांगितलं काय, यातलं बहुतेक चित्रपट सांगत नाही. पेंटांजेलीचा गळा आवळताना मारेकरी म्हणतो, मायकेल कॉर्लिओनेने नमस्कार सांगितलाय. ही ओळ डॅनी आयेलो या नटाने ऐन वेळी घातली असं सांगतात, आणि ती ठेवली गेली. ओळ झकास आहे, पण गुंता वाढला. हा डाव रॉथचा की मायकेलचा, यात प्रेक्षक कितीतरी वेळ अडकून पडतो. पहिल्यात असं कुठेही होत नाही. तिथे हॉटेलात मायकेल बापावर गोळ्या झाडवणाऱ्या सोलोत्सोला मारायला बसलेला असतो तेव्हा आपल्याला एकूण एक गोष्ट ठाऊक असते: पिस्तूल संडासात कुठे लपवलंय, बाहेर येऊन काय करायचंय, मग ते कुठे टाकायचंय. त्यामुळे आपण नुसते त्याच्या डोळ्यांकडे बघत राहतो. संगीत नाही, फक्त वरून जाणाऱ्या रेल्वेचा खडखडाट वाढत जातो. तो आवाज ध्वनीचं काम करणाऱ्या वॉल्टर मर्चचा. माहिती आधी देऊन टाकली की ताण वाढतो, लपवली की नुसता गोंधळ होतो. एवढ्या बाबतीत तू दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आणखी एक खड्डा नशिबाने पडला. पेंटांजेली हे पात्र मुळात होणारच नव्हतं, तिथे पहिल्यातला जाडा क्लेमेन्झा यायचा होता. पण त्या नटाशी, रिचर्ड कॅस्टेलानोशी, बोलणी फिसकटली. मग क्लेमेन्झा मध्यंतरी मेला असं एका वाक्यात सांगून त्याच्या जागी नवा माणूस आणला. मायकेल गाझोने काम सुरेख केलंय, त्याला ऑस्करचं नामांकनही होतं. तरी विचार कर: मागच्या गोष्टीत तरुण क्लेमेन्झा व्हिटोला बरोबर घेऊन एका श्रीमंताच्या घरातून गालिचा उचलून आणतो, दोघांच्या दोस्तीची ती सुरुवात. तोच माणूस म्हातारा होऊन व्हिटोच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायला सरकारी समितीपुढे बसला असता तर तो गालिचा आठवून अंगावर काटा आला असता. ती जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

मात्र नडलेल्या वेळेतून सोनंही निघालं. शेवटी १९४१चा प्रसंग आहे, बापाच्या वाढदिवसाला सगळी भावंडं टेबलाभोवती जमली आहेत. त्यात व्हिटो म्हणून मार्लन ब्रँडो यायचा होता, तो आलाच नाही. मग बाप बाहेर आल्याचं नुसतं आवाजातून कळवलं. सगळे त्याला सामोरे जायला उठून जातात आणि मायकेल एकटा टेबलावर राहतो. त्याने नुकतंच सांगितलंय की मी सैन्यात नाव घातलं. सनी भडकलाय, टॉम नाराज आहे, आणि हात पुढे करून त्याचं अभिनंदन करणारा एकटा फ्रेडो. तलावातला खून आपण नुकताच पाहिलेला असतो. ब्रँडो आला असता तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या असत्या आणि रिकामं टेबल कोणाला दिसलंही नसतं.

आता तुझं. तुझ्या फिल्मचा शेवट मला अजून आठवतो. रात्री खाडीत पोराचा सक्शन पंप धडधडायला लागतो, आणि पलीकडून बाप हातपाटीची होडी वल्हवत तरीच्या धक्क्याकडे निघून जातो. छान आहे. पण दुसऱ्या भागाचा जो आराखडा पाठवलास त्यात हा पोरगा पनवेलला जातो, टोळी मोठी होते, तीन खून, एक पुढारी, एक नाचणारीण, आणि शेवटी समुद्रावर गोळीबार. हे सगळं करायला पैसे कुठून आणणार हा एक प्रश्न झाला. मोठा प्रश्न हा की यातल्या कशानेही तुझ्या पहिल्या भागातलं काही बदलत नाही. तो पोरगा वाईट मार्गाला लागला हे आम्हाला पहिल्यातच कळलं होतं. आता तो आणखी वाईट मार्गाला लागतो, एवढंच.

हिंदीतही बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. राम गोपाल वर्मांचा ‘सरकार’ २००५चा, उघडउघड ‘गॉडफादर’ला मुजरा करणारा, आणि त्याचा ‘सरकार राज’ २००८चा. त्यात वीजप्रकल्प, गावकऱ्यांचा विरोध, त्यावरचं राजकारण असं सगळं आहे. दाभोळचा प्रकल्प डोळ्यांसमोर उभा-आडवा झालेला पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसाला त्यात जास्तच रस वाटावा. वाटतोही. पण माझ्या मते ते त्याच घरात आलेलं नवं प्रकरण आहे. पहिल्यातल्या माणसांकडे त्याने मला वेगळ्या नजरेने बघायला लावलं नाही.

तू बापाकडे वळ. पहिल्या भागात तो मुका आहे, सोसणारा, सज्जन, हातपाटीवाला. बुडी मारून पाटीने वाळू काढणारा, परवान्याने चालणारा. आणि पोरगा पंपवाला, महसूलची बोट दिसली की दिवे घालवून पळणारा. पण बापाच्या काळात परवाना कोणाच्या नावावर होता? ब्रासामागे कोणाला किती जात होतं? खाडीच्या त्या पट्ट्यात पहिल्यापासून कोण वाळू काढायचं आणि ते आता का काढत नाहीत? याची उत्तरं तुला ठाऊक आहेत, तुझ्या घरच्यांनीच हे बघितलंय, गप्पांत तू मला सांगितलंही आहेस. मग ते फिल्ममध्ये का नाही? सज्जन बापाच्या मागे एखादा बुडालेला माणूस निघाला तर तुझ्या पहिल्या भागातली ती वल्हवत जाणारी होडी लोक परत कशी बघतील, याचा विचार कर. खर्चही नाही. तीच खाडी, तोच धक्का, जुनी होडी आणि एक तरुण नट.

दोन काळ विणायचे ठरवलेस तर चित्रीकरणाआधी एवढं कर. दोन रंगांचे कागद घे, एका काळाचे पिवळे, दुसऱ्याचे निळे, प्रत्येक प्रसंगाला एक, आणि भिंतीवर लाव. जिथे रंग बदलतो तिथे दोन ओळी लिही: जाताना पडद्यावर शेवटचं काय दिसतंय आणि येताना पहिलं काय दिसतंय. त्या दोघांत काही बोलणं होत नसेल, नुसताच ‘वीस वर्षांपूर्वी’ असा फलक लागत असेल, तर ती उडी काढून टाक. तुझी फिल्म चाळीस-पन्नास मिनिटांची. त्यात चार-पाचपेक्षा जास्त उड्या माणसाला झेपत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या प्रेक्षकांची तक्रार आठव. एका काळात गेलास की तिथे बस, चहा पी, माणसं ओळखीची होऊ दे, मग निघ.

दोन्ही काळांचा रंग वेगळा ठेवायचा मोह होईल. दोन्ही ‘गॉडफादर’चा छायालेखक गॉर्डन विलिसने तसं केलं होतं, व्हिटोचा काळ पिवळसर, जुन्या फोटोसारखा ऊबदार, आणि टाहो गार. पण त्याने ते शेवटी संगणकावर पिवळं पाणी ओतून आणलं नव्हतं. तुझ्याकडे पावसाळा आहे की. मागचा काळ सगळा पावसाआधीच्या तापलेल्या उन्हात घे, आत्ताचा पावसानंतरच्या ओल्या उजेडात. मात्र पाऊस लागला की वाळू बंद, हे ध्यानात ठेवून प्रसंग लिही, नाहीतर धक्क्यावरची माणसं पहिल्याच खेळाला हसतील.

दुसरा भाग पुन्हा बघशील तेव्हा वही घेऊन बस आणि काळ बदलण्याच्या फक्त जागा उतरव, बाकी काही नको. रॉथचं कारस्थान कळलं नाही तरी चालेल, मलाही ते पूर्ण लागलेलं नाही. तिसऱ्या भागाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो: तो १९९०चा, आणि २०२०मध्ये कपोलाने तो नवी सुरुवात आणि नवा शेवट लावून, वेगळ्या नावाने पुन्हा बाहेर काढला. संकलन शिकायला त्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत, पण आत्ता नको. आधी भिंतीवर कागद लाव, त्याचा फोटो काढून पाठव, मग पुढचं बोलू.